आधी शिकणे, मग कॅरॅव्हॅन

प्रश्न : मी मेलबर्नमध्ये राहते. माझे वय ६३ आणि यजमानांचे ६७. ते गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला आहे : कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर, घ्यायची आणि पुढच्या मे महिन्यात ॲडलेडमार्गे थेट डार्विनपर्यंत जायचे. एका विक्रेत्याकडची २१ फुटी, दोन ॲक्सलची (चाकांच्या दोन जोड्यांची) कॅरॅव्हॅन पाहून त्यांनी डिपॉझिट भरले आहे; उरलेली रक्कम जानेवारीत द्यायची आहे. आमच्या गाडीची ओढण्याची क्षमता ३००० किलो आणि कॅरॅव्हॅन २९०० किलोची, तेव्हा काही प्रश्नच नाही, असे विक्रेता म्हणाला. यजमान कोल्हापूरजवळच्या गावात वाढले. तरुणपणी ते ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली जोडून कारखान्यावर नेत असत, त्यामुळे वेगळे काही शिकायला हवे असे त्यांना वाटत नाही. मला मात्र धास्ती वाटते. मी शहरात रोज गाडी चालवते, पण मागे काही जोडून कधीच चालवलेली नाही, आणि ‘तुला चालवायची वेळच येणार नाही’ असे ते म्हणतात. खरोखर शिकावे लागते का, किती, आणि मीही शिकावे का? गाडीच्या पुस्तिकेतले आणि कॅरॅव्हॅनच्या पाटीवरचे आकडे सोबत लिहून पाठवत आहे.
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : सप्रेम नमस्कार. शिकावे लागते, दोघांनीही शिकावे, आणि ते शिकणे जानेवारीतली रक्कम देण्याआधी व्हावे, कारण कोणती कॅरॅव्हॅन आपल्याला झेपेल हे थोडेफार शिकल्याशिवाय ठरवताच येत नाही. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. आधी कॅरॅव्हॅन दारात येते, मग ती ओढायची कशी याचा विचार सुरू होतो, आणि तोवर पैसे गुंतलेले असल्यामुळे ‘ही आपल्यासाठी मोठी आहे’ हे कबूल करणे अवघड झालेले असते. आपण वेळेत विचारले आहे.

ऑस्ट्रेलियात साधा कार परवाना असलेल्या माणसाला अशी कॅरॅव्हॅन ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. आयुष्यभर लहान गाडी चालवलेला माणूस सकाळी तीन टनांचे घर मागे जोडून दुपारी ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने महामार्गावर असू शकतो, आणि त्यात बेकायदेशीर काही नसते. आपल्या यजमानांचा ‘शिकायची गरज नाही’ हा समज बहुधा इथूनच आलेला असावा, आणि निवृत्तीनंतर देश पाहायला निघालेल्या इथल्या हजारो लोकांचाही तोच समज असतो.

ट्रॅक्टरचा अनुभव मी कमी लेखणार नाही. मागे घेताना ट्रॉलीला जिकडे न्यायचे त्याच्या उलट स्टिअरिंग फिरवावे लागते, वळणावर ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा आतून येतात, उतारावर मागचे वजन पुढच्याला ढकलते, या गोष्टी ज्याच्या हातात मुरल्या आहेत त्याला शिकवणीच्या पहिल्या दिवशी इतरांपेक्षा नक्कीच कमी घाम फुटेल. गळीत हंगामात कारखान्याच्या गव्हाणीपाशी रांगेत ट्रॉली लावलेला माणूस कॅरॅव्हॅन पार्कातल्या अरुंद जागेने गडबडून जाणार नाही. परंतु उसाची ट्रॉली ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने जाते, आणि कॅरॅव्हॅनचा सर्वांत मोठा धोका त्या वेगाला दिसतच नाही. तो साधारण ऐंशीच्या पुढे डोके वर काढतो. त्याला इथे ‘स्वे’ म्हणतात : मागची कॅरॅव्हॅन डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागते, प्रत्येक झोक्याबरोबर गाडीचा मागचा भाग ओढला जातो, आणि झोके वाढत गेले तर शेवटी दोन्ही वाहने आडवी होतात. ट्रॅक्टर चालवून या प्रसंगाची सवय होण्याचा काही मार्ग नाही.

झोका कशामुळे सुरू होतो आणि कशामुळे थांबतो, हे समजून घेणे हाच शिकण्याचा गाभा आहे, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहिते. सुरुवात बाहेरून होते : मोठा ट्रक शेजारून जाताना त्याच्या पुढच्या हवेचा धक्का बसतो, मोकळ्या माळावर आडवा वारा लागतो, किंवा चालक घाईने लेन बदलतो. असा धक्का प्रत्येक कॅरॅव्हॅनला बसतोच. नीट भरलेली, बेताच्या वेगातली कॅरॅव्हॅन एक-दोन झोक्यांत सरळ होते. चुकीची भरलेली कॅरॅव्हॅन मात्र प्रत्येक झोक्याला पहिल्यापेक्षा लांब जाते. वेग वाढत जातो तसतशी हा झोका आपोआप विझवण्याची तिची ताकद कमी होत जाते, आणि एका विशिष्ट वेगाच्या पुढे तो विझतच नाही. तो वेग किती असेल हे बहुतांशी आत सामान कुठे ठेवले आहे यावर ठरते. जड वस्तू ॲक्सलच्या जवळ आणि खाली असल्या तर कॅरॅव्हॅन शांत राहते. त्याच वस्तू मागच्या टोकाला नेल्या, म्हणजे मागच्या बंपरवर सायकली, जनरेटर आणि जास्तीचे चाक लावले, तर एकीकडे पुढच्या जोडावरचा भार हलका होतो आणि दुसरीकडे एकदा हललेले शेपूट थांबवायला फार जोर लागतो. एकूण वजन तेवढेच, परंतु कॅरॅव्हॅन वेगळीच.

झोका सुरू झाल्यावर काय करायचे हे आधीपासून ठरलेले असावे लागते, कारण त्या क्षणी विचार करायला सवड नसते आणि सहज सुचणाऱ्या दोन्ही गोष्टी घातक असतात. पहिली म्हणजे गाडीचा ब्रेक जोरात दाबणे. त्याने गाडीचे वजन पुढे झुकते, मागच्या चाकांची पकड कमी होते आणि मागची कॅरॅव्हॅन तिला अधिकच फिरवते. दुसरी म्हणजे प्रत्येक झोक्याला उलट स्टिअरिंग मारणे. माणसाचा हात नेहमी थोडा उशिरा पोहोचतो आणि त्यामुळे झोका वाढतो. करायचे ते असे : स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे, पाय हळूहळू ॲक्सलरेटरवरून काढावा, आणि डॅशबोर्डवर बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरचे (कॅरॅव्हॅनचे ब्रेक चालवणाऱ्या उपकरणाचे) हाताने चालवायचे बटण वापरून फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक हलकेच लावावेत. मागून लागलेला हा ब्रेक कॅरॅव्हॅनला ताणून सरळ करतो. म्हणून ते बटण कुठे आहे हे न पाहता हाताला सापडले पाहिजे, आपल्यालाही आणि यजमानांनाही. अनेक नव्या कॅरॅव्हॅनवर झोका ओळखून आपोआप ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. ती असावीच असे माझे मत आहे, पण चुकीच्या भरलेल्या कॅरॅव्हॅनला ती बरोबर करत नाही.

आता आकड्यांकडे वळते, कारण विक्रेत्याचे ‘३००० आणि २९००’ हे गणित अर्धेच आहे. आपण पाठवलेल्या आकड्यांनुसार गाडीचे रिकामे वजन, म्हणजे पूर्ण इंधनासह पण माणसे आणि सामान सोडून, २१५० किलो आहे. गाडीचे कमाल भरलेले वजन, ज्याला जीव्हीएम म्हणतात, २८०० किलो आहे. आणि गाडी व कॅरॅव्हॅन मिळून कमाल वजन, म्हणजे जीसीएम, ५४०० किलो आहे. कॅरॅव्हॅनचे कमाल भरलेले वजन, एटीएम, २९०० किलो. ती पूर्ण भरली तर ५४०० मधून २९०० वजा जाऊन गाडीसाठी २५०० किलो उरतात, म्हणजे रिकाम्या वजनावर फक्त ३५० किलोची मुभा. त्यात आपण दोघे साधारण १४० किलो. टो बार (गाडीमागचा, कॅरॅव्हॅन जोडायचा दांडा) आणि पुढचा लोखंडी बुल बार बसवणार असाल तर अंदाजे ८० ते १०० किलो त्याचे. उरलेल्या शंभर-सव्वाशे किलोंत गाडीतला फ्रिज, हत्यारे, जास्तीचे पाणी, छतावरचा रॅक आणि त्यावरची प्रत्येक वस्तू बसवायची आहे. सुट्टीत दोन मोठी नातवंडे काही दिवस बरोबर आली तर हिशेब त्याच दिवशी बिघडेल.

दुसरी मर्यादा जीव्हीएमची. कॅरॅव्हॅनचा पुढचा जोड गाडीच्या टो बॉलवर, म्हणजे टो बारवरच्या गोळ्यावर, जो भार टाकतो तो गाडीच्या सामानातच धरला जातो, ही गोष्ट विक्रीच्या वेळी सहसा कोणी सांगत नाही. इथे सर्वसाधारण शिफारस अशी आहे की हा भार भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या सुमारे दहा टक्के असावा, म्हणजे आपल्या बाबतीत २९० किलो. तो फार कमी झाला की झोका वाढतो, म्हणून हलका करून पळवाट काढता येत नाही. २८०० मधून २१५० आणि २९० वजा केले की माणसे आणि सामानासाठी ३६० उरतात. शिवाय हा भार मागच्या चाकांच्याही मागे पडत असल्यामुळे गाडी तरफेसारखी वागते : साधारण मापाच्या गाडीत २९० किलोंच्या भाराने मागच्या ॲक्सलवर ४०० किलोंहून अधिक वजन वाढते आणि पुढच्या ॲक्सलवरून शंभराहून अधिक किलो कमी होते. पुढची चाके हलकी म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेकही हलके. ‘वेट डिस्ट्रिब्यूशन हिच’ नावाचा जो स्प्रिंग-बारचा जोड मिळतो तो यातले काही वजन पुढच्या चाकांवर परत नेतो. तो आपल्या गाडीला चालतो की नाही हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे लागते, आणि गाडीची वजनमर्यादा त्याने वाढत नाही. टो बॉलवर किती भार चालतो याचा वेगळा आकडाही पुस्तिकेत असतो. तो २९०च्या वर आहे याची खात्री करून घ्यावी.

कॅरॅव्हॅनच्या आतले गणितही पाहू. पाटीवर रिकामे वजन २४५० आहे, म्हणजे सामानाला ४५० किलो. पाण्याच्या ९५ लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १९० किलो तिथेच गेले, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. उरलेल्या २६० किलोंत दोन सिलिंडरमधला गॅस, अंथरुणे, कपडे, खुर्च्या, पाण्याचे आणि विजेचे पाइप-केबल, भांडी आणि शिधा. आपली स्वयंपाकघरे यात जरा जास्तच उदार असतात. तीन महिन्यांचे तांदूळ, डाळी, कणीक, मसाल्यांचे डबे, दोन कुकर आणि बिडाचा तवा असे बांधले की साठ-सत्तर किलो कधी झाले ते कळत नाही, आणि हे सगळे बहुधा ज्या कपाटात जाते ते मागच्या टोकाला असते. डाळ-तांदूळ ॲडलेडमध्येही मिळतात आणि डार्विनमध्येही. ते बरोबर नेण्याऐवजी वाटेत घ्यावेत.

पाटीवरच्या ‘रिकाम्या’ वजनावर पूर्ण विश्वास ठेवू नये, कारण विक्रेत्याने नंतर बसवलेली बॅटरी, सोलर पॅनेल, एअर कंडिशनर किंवा ऑनिंग (बाहेर पसरायचे कापडी छप्पर) त्यात धरलेले असेलच असे नाही. यावर उपाय एकच, आणि तो आपल्या यजमानांना लहानपणापासून ठाऊक आहे : काटा. उसाची गाडी काट्यावर गेल्याशिवाय कोणाचेच वजन कोणी मान्य करत नाही. तसेच इथे सार्वजनिक वेब्रिज, म्हणजे वाहनांचे वजनकाटे, आहेत, आणि घरी येऊन प्रत्येक चाकाखाली वजनाचे पॅड ठेवून मोजणारे लोकही आहेत. पूर्ण भरलेली, पाण्यासकट, दोघे आत बसलेली गाडी आणि मागची कॅरॅव्हॅन अशी जोडी मोजावी, कॅरॅव्हॅन एकटी मोजावी, आणि टो बॉलवरचा भार वेगळा मोजावा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वजन घेऊन चालणे दंडनीय आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. शिकायची गरज नाही असे म्हणणाऱ्या माणसाला ‘वर्गाला चला’ म्हणण्यापेक्षा ‘काट्यावर चला’ म्हणून सुरुवात करून पाहा. पुष्कळदा काट्याची पावतीच पुढचे बोलणे सोपे करते.

ब्रेक आणि जोड यांबद्दल थोडक्यात. इथल्या नियमांनुसार दोन टनांवरच्या ट्रेलरला सर्व चाकांवर ब्रेक लागतात, आणि जोड तुटून कॅरॅव्हॅन सुटली तर आपोआप लागून किमान १५ मिनिटे टिकणारी ब्रेकअवे यंत्रणा लागते. अडीच टनांवर दोन सुरक्षा-साखळ्या लागतात. त्या जोडाच्या खाली एकमेकींवरून आडव्या लावायच्या असतात. गाडीत ब्रेक कंट्रोलर एखाद्या जाणकार कारागिराकडूनच बसवून घ्यावा, आणि वजन बदलले की त्याची तीव्रता पुन्हा जुळवावी : रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात हाताचे बटण दाबून, कॅरॅव्हॅन ठामपणे थांबेल पण तिची चाके अडकणार नाहीत अशी. जोडण्याचा क्रम एकाच पद्धतीने, दोघांनी मिळून आणि न बोलता करावा. मध्येच शेजारी गप्पा मारायला आला तर त्याला नम्रपणे थांबायला सांगून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. विसरण्याच्या बहुतेक गोष्टी, म्हणजे जॉकी व्हील (पुढच्या टोकाला आधार देणारे लहान चाक) वर घेणे, कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक सोडणे, टेकू उचलणे, छताची झडप बंद करणे, अशा मध्ये तुटलेल्या क्रमातच विसरल्या जातात.

शिकण्यासाठी इथे अर्ध्या किंवा एका दिवसाचे टोइंगचे, म्हणजे मागे काही ओढत गाडी चालवण्याचे, वर्ग असतात. प्रशिक्षक शक्य तो आपल्याच गाडीत शेजारी बसेल असा वर्ग निवडावा, आणि दोघांची नावे वेगवेगळी नोंदवावीत, म्हणजे दोघांनाही स्टिअरिंगवर तेवढाच वेळ मिळेल. फक्त व्हिडिओ पाहून शिकता येत नाही. मागे घेण्याचे तंत्र पाहून समजते, पण हाताला येत नाही. वर्गानंतर, आणि विकत घेण्याआधी, १६ फुटांच्या आसपासची एखादी लहान कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन शनिवार-रविवारची एक फेरी करावी. आपल्या गाडीत ब्रेक कंट्रोलर आणि योग्य प्लग त्याआधीच लागेल, म्हणून तो खर्च आधी करावा. तो वाया जात नाही. बॅलारॅट किंवा बेंडिगो हे अंतर पहिल्या फेरीला पुरेसे आहे. ग्रेट ओशन रोड मात्र पहिल्या फेरीला अजिबात नको : तिथली वळणे, अरुंद लेन आणि मागे साचणाऱ्या गाड्यांची रांग नवशिक्याला दृश्य पाहू देत नाहीत. पहिल्या रात्री अशी जागा मागावी जिच्यात सरळ शिरून सरळ बाहेर पडता येते. मागे घेण्याचा सराव दुसऱ्या दिवशी सकाळी, विश्रांती झाल्यावर करावा.

आता आपला स्वतःचा प्रश्न. ‘तुला चालवायची वेळच येणार नाही’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असेल, तरी ते मान्य करू नये. मेलबर्न ते डार्विन हे अंतर पावणेचार हजार किलोमीटरच्या घरात आहे आणि त्यातला मोठा भाग असा आहे की दोन पेट्रोल पंपांमध्ये काहीच नसते. सदुसष्ट वर्षांच्या माणसाची पाठ धरू शकते, डोळ्यात काही जाऊ शकते, रक्तदाबाच्या नव्या गोळीने झोप येऊ शकते. अशा वेळी मागची कॅरॅव्हॅन सोडून जाण्याचा पर्याय असतो, पण ती सोडवता येणे हेही कौशल्यच आहे आणि तेही शिकलेले असावे लागते. शिवाय रोजच्या रोज दोन-दोन तासांनी चालक बदलला तर दोघांनाही थकवा कमी येतो. आपण रोज शहरात गाडी चालवता, त्यामुळे आरसे पाहण्याची आणि अंतर राखण्याची सवय आपल्याला आहे. नव्याने शिकायचे आहे ते वळण रुंद घेणे, आधीपासून ब्रेक लावणे आणि मागे घेणे. माझ्या पाहण्यात ज्यांना सुरुवातीला धास्ती वाटते त्या व्यक्ती टोइंग अधिक चांगल्या शिकतात, कारण त्या आरशात पाहणे विसरत नाहीत.

मागे घेण्याची एक सोपी रीत सांगते. हात स्टिअरिंगच्या अगदी खालच्या टोकाला धरावा आणि कॅरॅव्हॅनचे मागचे टोक ज्या बाजूला न्यायचे त्याच बाजूला हात सरकवावा. मग उलट-सुलट विचार करावा लागत नाही. हालचाल थोडीशी आणि हळू. कोन फार वाढला की पुढे जाऊन सरळ करून घ्यावे. त्यात कमीपणा नाही, अनुभवी लोकही दोन-तीनदा पुढे जातात. इथे चालक उजवीकडे बसत असल्यामुळे शक्य तिथे उजव्या बाजूला वळत मागे घ्यावे, म्हणजे खिडकीतून कॅरॅव्हॅनची कड दिसत राहते. बाहेर उभे राहून दिशा देणाऱ्याने ‘डावीकडे, उजवीकडे’ हे शब्द वापरू नयेत, कारण समोरासमोर उभे राहिल्यावर त्यांचा घोटाळा होतोच. ‘चालकाची बाजू’ आणि ‘दुसरी बाजू’ असे म्हणावे. दिशा देणारी व्यक्ती आरशात दिसेनाशी झाली की चालकाने तत्क्षणी थांबावे, हा नियम कधीही मोडू नये. हातात धरायचे, वॉकीटॉकीसारखे दोन यूएचएफ रेडिओ घेतले तर ओरडावे लागत नाही, आणि संध्याकाळी पार्कात पोहोचल्यावर होणारी बरीचशी भांडणेही टळतात. वर झाडाची फांदी आहे का हे पाहण्याची जबाबदारी दिशा देणाऱ्याची.

रस्त्याविषयी काही गोष्टी निघण्याआधी माहीत असाव्यात. वेगाचे नियम राज्यागणिक बदलतात : न्यू साउथ वेल्समध्ये गाडी आणि ट्रेलरचे मिळून कमाल वजन साडेचार टनांच्या वर असेल तर ताशी १०० किलोमीटर ही मर्यादा आहे. डार्विन ज्या नॉर्दर्न टेरिटरीत आहे तिथे स्टुअर्ट हायवेच्या काही भागांत १३०ची पाटी दिसेल. ती आपल्यासाठी नाही असे समजावे. नव्वद हा वेग आपल्या जोडीला शांत पडेल आणि इंधनही बरेच वाचेल. आपली जोडी साडेसात मीटरपेक्षा लांब असल्यामुळे शहराबाहेरच्या एकेरी लेनच्या रस्त्यावर पुढच्या तशाच लांब वाहनापासून किमान ६० मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. ॲडलेडला पोहोचताना साउथ ईस्टर्न फ्रीवे डोंगरावरून शहरात लांबवर उतरतो. तिथे जड ट्रक आणि बसना ताशी ६० ची मर्यादा आहे आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकना थांबवणारे खास पट्टे केलेले आहेत. आपण ट्रक नसलात तरी चढ संपण्याआधीच खालचा गिअर घ्यावा आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता अधूनमधून ठामपणे लावावा, नाहीतर ते तापून ढिले पडतात. ॲडलेडनंतर लागणाऱ्या पोर्ट ऑगस्टाच्या उत्तरेला पन्नास मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक, भेटतील. अशी गाडी मागून ओलांडू लागली तर आपला वेग धरून सरळ चालावे आणि ती पूर्ण पुढे येऊ लागली की पाय हलका करावा. रेडिओच्या ४० क्रमांकाच्या चॅनेलवर ट्रकवाले बोलत असतात आणि त्यांना ‘येऊ द्या’ एवढे सांगता आले तरी ते उपकार मानतात. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोहोचण्याचा बेत ठेवावा. मे महिन्यात निघण्याचा आपला विचार मात्र उत्तम आहे : उत्तरेत तेव्हा पावसाळा संपलेला असतो.

उंचीचा आकडा लिहून समोरच्या काचेजवळ चिकटवून ठेवावा. अनेक कॅरॅव्हॅन तीन मीटरहून उंच असतात, आणि आपल्याच शहरातल्या माँटेग्यू स्ट्रीटच्या पुलाखालची मोकळी उंची तीन मीटर आहे. तिथे अडकलेल्या वाहनांच्या बातम्या आपण वाचल्याच असतील.

राहिला तो डिपॉझिटचा प्रश्न. विक्रेत्याकडून त्या विशिष्ट कॅरॅव्हॅनच्या वजनाची काट्याची पावती मागावी, जोडणीचा भार लेखी मागावा, आणि नंतर बसवलेल्या वस्तूंची यादी मागावी. त्यात टाळाटाळ झाली तर तेवढेच उत्तर पुरे आहे. करारात डिपॉझिट परत मिळण्याच्या किंवा दुसऱ्या, लहान कॅरॅव्हॅनवर वळवण्याच्या कोणत्या अटी आहेत ते आत्ताच वाचावे, जानेवारीत नव्हे. माझा अंदाज विचाराल तर आपल्या गाडीला अडीच टनांच्या आतली, १८ फुटांच्या आसपासची कॅरॅव्हॅन अधिक मोकळी पडेल : तेवढ्याने जीसीएमवर चारशे किलोंची मुभा वाढते, टो बॉलवरचा भार चाळीस किलोंनी घटतो आणि नातवंडांना बरोबर नेता येते. २१ फुटीच हवी असेल तर प्रश्न कॅरॅव्हॅनचा नाही, गाडीचा आहे, आणि मग जास्त जीसीएमची गाडी घेण्याचा खर्च त्याच हिशेबात धरावा लागेल. टोइंगच्या वर्गात दोघांची नावे या महिन्यातच घाला. इथल्या उन्हाळ्याच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या, सुट्टीत जागा लवकर भरतात.